कोणती प्रणाली, कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने: इंदूरच्या मध्यम कारखान्यातली माहिती-व्यवस्था

सांवेर रोड, पोलोग्राउंड किंवा पालदा भागातल्या मध्यम कारखान्यांत आता कॉम्प्युटरची उणीव नसते. बिलं टॅलीत बनतात, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, उत्पादनाचा आकडा सुपरवायझरच्या वहीत असतो आणि हजेरी अंगठ्याच्या मशीनवर लागते. तरी मालकांनी संध्याकाळी विचारलं, "लवंगी शेवेच्या २०० ग्रॅमच्या किती पेट्या तयार आहेत आणि त्यातल्या किती आधीच कोणाच्या नावावर आहेत?" तर उत्तराला तीन माणसं लागतात आणि तिघांचे आकडे जुळत नाहीत. नोंदी सगळीकडे होतात, पण एका नोंदीचा दुसरीशी संबंध नसतो.

हा लेख अशाच कारखान्यासाठी आहे. उदाहरण म्हणून एक नमकीन बनवणारा कारखाना धरू: रोजचं उत्पादन दोन टन, विक्रीच्या वस्तू १८०, वितरक चाळीसेक, गोदामं दोन. तुमचा धंदा फर्निचरचा, औषधांचा किंवा सुट्या भागांचा असला तरी क्रम हाच ठेवा, फक्त मालाची नावं बदला.

कोणती प्रणाली कोणाच्या उपयोगाची

संस्थेत निर्णय तीन पातळ्यांवर होतात: रोजचं काम चालवणं, कामावर नियंत्रण ठेवणं आणि पुढची दिशा ठरवणं. हार्वर्डचे रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये ही विभागणी मांडली आणि माहिती-प्रणालींचं वर्गीकरण आजही बहुतेक तिच्यावरच उभं आहे.

सगळ्यात खाली व्यवहार-प्रक्रिया प्रणाली. बिल, गेटपास, मालाची आवक, पगार, पैसे जमा-खर्च यांची नोंद इथे होते. वापरणारा कारकून, गोदामपाल, सुपरवायझर. तिच्याकडून दोनच अपेक्षा: नोंद चुकू नये आणि उशीर होऊ नये.

त्याच्या वर व्यवस्थापन माहिती प्रणाली. खालच्या नोंदींची बेरीज करून ठरावीक वेळी ठरावीक अहवाल द्यायचे, जसं उधारी किती दिवसांची, कोणत्या लाइनवर तूट जास्त, कोणता माल पडून आहे. हे व्यवस्थापकाचं साधन.

तिसरी निर्णय-साहाय्य प्रणाली. "बेसन आठ रुपयांनी महागलं तर भाव वाढवायचा की वजन कमी करायचं?" अशा प्रश्नाचं उत्तर कोणत्याही ठरीव अहवालात नसतं. आकडे बदलून बघावे लागतात. चांगली बांधलेली एक्सेल फाइलसुद्धा निर्णय-साहाय्य प्रणालीच आहे, तिला कमी लेखू नका.

सगळ्यात वर मालकांसाठी किंवा संचालकांसाठी एक पान, ज्यात धंद्याची तब्येत दिसते.

ईआरपी, सीआरएम, पुरवठा-साखळी ही नावं या उतरंडीतली नाहीत. त्या प्रणाली आडव्या जातात. सीआरएम ग्राहक आणि ऑर्डरींभोवती, पुरवठा-साखळी खरेदी आणि वाहतुकीभोवती, आणि ईआरपी सगळ्या विभागांना एकाच डेटाबेसवर आणते. विक्रेता "आमच्यात सगळं आहे" म्हणाला की विचारा: कोणत्या पातळीचं आणि कोणत्या विभागाचं? उत्तर धड मिळालं नाही तर पुढची बैठक ठेवू नका.

आमचं ठाम मत असं की बांधकाम खालून वर करावं. बहुतेक पैसे वाया जातात ते आधी रंगीत डॅशबोर्ड घेतल्यामुळे. खालची नोंद चुकीची असेल, तर डॅशबोर्ड तीच चूक जास्त वेगाने मालकांपर्यंत पोचवतो.

पहिलं काम: निर्णयांची यादी

सॉफ्टवेअर बघायच्या आधी एक आठवडा कागद घेऊन बसा. प्रत्येक विभागातल्या माणसाला विचारा: तुम्ही काय ठरवता, किती वेळा, कोणता आकडा बघून, तो आकडा कुठून येतो, आणि चुकलं तर काय बिघडतं? या पाच रकान्यांत साधारण तीस-चाळीस ओळी होतात.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पॅकिंग फिल्मचा रोल संपला तर अख्खी लाइन उभी राहते. खोक्याची चिकटपट्टी संपली तर कोणीतरी सियागंजला जाऊन तासाभरात आणतो. दोन्ही "साठ्याच्या" नोंदी आहेत, पण एकीवर रोज नजर लागते, दुसरीला महिन्यातून एकदा पुरते. कोणत्या माहितीवर किती कष्ट घ्यायचे, हे या यादीवरून ठरतं.

ज्या आकड्याचा कोणत्याच निर्णयाशी संबंध लागत नाही, तो गोळा करणं बंद करा. अनेक ठिकाणी लोक वर्षानुवर्षं भरत असलेली रजिस्टरं कोणीच उघडत नाही.

मास्टर याद्या: इथे घाई केली तर पुढे सगळं वाकडं

मास्टर म्हणजे वस्तू, पार्टी, गोदाम, कर-दर, माप यांच्या मूळ याद्या. इंदूरमध्ये एक खास अडचण येते. घरात आणि ऑफिसात मराठी, मुनीमजींची हिंदी, पॅकेटवर इंग्रजी. त्यामुळे एकच वस्तू 'लवंगी शेव २००', 'लौंग सेव २०० ग्रा' आणि इंग्रजी नावाने अशी तीनदा नोंदली जाते. साठा तीन ठिकाणी फुटतो. एका नावाखाली माल शिल्लक दिसतो, दुसऱ्या नावाखाली शून्याच्या खाली जातो. उपाय असे:

- प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक द्या, साधा चढत्या क्रमाचा. क्रमांकातच चव, वजन, वर्ष कोंबू नका. उद्या २०० ग्रॅमचा पुडा १८० ग्रॅमचा झाला की तो क्रमांक खोटं सांगू लागतो. वजन बदललं तर नवी वस्तू, नवा क्रमांक.
- नवी वस्तू किंवा पार्टी उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला. तो रजेवर असेल तर बदली कोण, हेही लिहून ठेवा.
- किरकोळ विक्रीच्या पुड्यांवर बारकोड असेल (बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेचे क्रमांक ८९० ने सुरू होतात), तर तोही त्याच वस्तूला जोडा.
- मापाचं रूपांतर एकदाच ठरवा: १ पेटी = ६० पुडे = १२ किलो. विक्री पेटीत, उत्पादन किलोत, परतावा पुड्यांत येतो. हे गणित माणसाच्या डोक्यात राहिलं की ६० पेट्यांच्या जागी ६० पुडे लिहिले जातात.

कर-दराच्या मास्टरमध्ये दराबरोबर तो लागू झाल्याची तारीख हवीच. पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या प्रणालीत वस्तूपुढे फक्त एक दर होता आणि तो पुसून नवा टाकला, त्यांची अडचण परताव्याच्या वेळी दिसते. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वितरकाच्या खात्यात जमा दाखवणारा कागद) मूळ बिलाच्या दरानेच, म्हणजे १२ टक्क्यांनी निघाली पाहिजे. प्रणालीने आजचा दर उचलला तर ७ टक्क्यांचा फरक वितरकाच्या आणि तुमच्या खात्यात कायमचा लटकतो. म्हणून क्रेडिट नोट नेहमी मूळ बिल निवडूनच बनेल, अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालून घ्या.

नोंद जिथे घडतं तिथेच: बेसनाच्या एका ट्रकचं उदाहरण

व्यवहार-प्रणालीचा खरा कस गेटवर लागतो. समजा बेसनाचा ट्रक आला. बिलावर ५० किलोची १०० पोती, म्हणजे ५,००० किलो. काट्यावर भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि बारदान वजा जाता निव्वळ ४,९६० किलो भरलं. उतरवताना दोन पोती ओलसर निघाली, ती बाजूला काढली. म्हणजे स्वीकारलेला माल ४,८६० किलो.

इथे तीन वेगळे आकडे आहेत आणि तिन्ही लिहिले गेले पाहिजेत: बिलाचा, आलेला आणि स्वीकारलेला. आवक-नोंद गोदामपालाने काट्याची पावती हातात असताना करायची. हिशेबनिसाने बिल चढवताना प्रणालीने खरेदी-ऑर्डर, आवक-नोंद आणि बिल एकमेकांशी ताडून बघायचं. फरक १४० किलोचा दिसला की डेबिट नोट (पुरवठादाराच्या बिलातून तेवढी रक्कम कापल्याचा कागद) निघते आणि पेमेंट तेवढ्याने अडतं.

बऱ्याच पेढ्यांत मात्र बिल थेट हिशेबनिसाकडे जातं आणि तो ५,००० किलो साठ्यात चढवतो. ते १४० किलो कागदावर गोदामात, प्रत्यक्षात वापरायच्या मालात नाहीत. महिनाअखेर मोजणीत तूट निघते, ती उत्पादनाच्या नावावर टाकली जाते आणि बोलणी खातो तळणीचा सुपरवायझर, ज्याचा यात काही संबंध नाही. अशा दोन-तीन घटना झाल्या की तो आपली वेगळी वही ठेवू लागतो, आणि मग प्रणालीवर कोणाचाच विश्वास राहत नाही.

यावरून तीन नियम पाळा. एक, जो माल हाताळतो त्यानेच नोंद करायची. दोन, नोंद त्याच पाळीत, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. तीन, साठा शून्याखाली जाऊ देण्याची मुभा सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवायची. तिसऱ्या नियमावर पहिल्या महिन्यात खूप आरडाओरड होते, कारण गाडी भरून उभी असते आणि बिल निघत नाही. मुभा चालू करू नका. उत्पादनाची नोंद का राहिली ते शोधा. दर वेळी कारण तिथेच सापडतं.

उत्पादन: घाण्याची नोंद आणि बॅच

नमकीनमध्ये मोजणीचं नैसर्गिक एकक घाणा आहे. प्रत्येक घाण्याला बेसन किती, मसाला किती, तेलाची भर किती आणि तयार माल किती, एवढ्या चार नोंदी पुरतात. प्रमाण पुस्तकातून घेऊ नका. आपल्या कढईवर, आपल्या माणसांच्या हातचे पंचवीस-तीस घाणे तोलून स्वतःचं प्रमाण काढा आणि त्यापासून दोन टक्क्यांहून जास्त फरक गेला की प्रणालीने खूण करावी. तेल जास्त लागण्याची नेहमीची कारणं: पीठ सैल, तेल पुरेसं तापण्याआधीच घाणा सोडला, निथळायला वेळ दिला नाही.

बॅच क्रमांक तारीख, लाइन आणि घाण्यांचा गट यांवरून द्या, उदाहरणार्थ २६०४१४-२-०७. वितरकाच्या बिलावर बॅच नोंदली जात नसेल, तर खवट मालाची एक तक्रार आली की पूर्ण आठवड्याचा माल परत बोलवावा लागतो. बॅच असेल तर तेवढ्याच पेट्या शोधता येतात. गोदामातून माल काढताना आधी आलेला आधी, यापेक्षा आधी संपणारा आधी हा नियम ठेवा. परत आलेला चांगला माल उशिरा आत येतो, पण त्याची मुदत लवकर संपते.

कराची बाजू

थोडक्यात सांगतो, कारण यात निवडीला वाव नाही. २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांवर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद) लागतं. दुसऱ्या राज्यात ५० हजारांवरचा माल जाताना ई-वे बिल लागतं. साध्या मालवाहतुकीत ते दर २०० किलोमीटरला एक दिवस याप्रमाणे टिकतं. ही दोन्ही बिलाच्याच खिडकीतून निघाली पाहिजेत. पोर्टलवर वेगळं टाइप करणं म्हणजे एकच आकडा दोनदा लिहिणं, आणि दोनदा लिहिलेला आकडा कधी ना कधी वेगळा पडतोच.

मासिक विवरण भरणाऱ्यांनी ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनणारी आपल्या खरेदीची यादी) उपलब्ध, २० ला ३बी (कर भरण्याचं विवरण), असं वेळापत्रक प्रणालीच्या स्मरणपत्रांत घालावं. २बी आणि आपली खरेदी-नोंद यांची जुळणी १५ तारखेलाच करा, म्हणजे ज्याने बिल अपलोड केलं नाही त्याला फोन करायला पाच दिवस मिळतात. संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे आणि तो बंद करता येता कामा नये. जुनी आवृत्ती वापरत असाल तर आधी हे तपासा.

अहवाल: थोडे, पण ठरल्या वेळी

व्यवस्थापकाला रोज सकाळी साडेनऊपर्यंत एक पान: काल काय बनलं, काय गेलं, काय अडलं. आठवड्याला उधारीचं वय: ० ते ३०, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढे. महिन्याला वस्तूनिहाय नफा आणि पडून राहिलेला माल. सुरुवातीला एवढंच पुरे.

देण्यांच्या अहवालात एक रकाना हमखास राहून जातो: पुरवठादार 'उद्यम' या सरकारी लघुउद्योग नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आहे का? असेल तर करार असल्यास जास्तीत जास्त ४५ आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत उलटून रक्कम वर्षअखेर थकलीच, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा होत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी होतो. खोके आणि लेबल छापून देणारे बरेच जण या वर्गात मोडतात. ३१ मार्चला हे लक्षात येऊन उपयोग नाही, म्हणून ही यादी दर आठवड्याला बघा.

विक्रीचे आकडे बघताना कारखान्यातून वितरकाकडे गेलेला माल आणि वितरकाकडून दुकानात गेलेला माल वेगळा ठेवा. स्कीम लागली की पहिला आकडा फुगतो आणि पुढच्या महिन्यात परतावा येतो. दुसरा आकडा मिळवण्यासाठी विक्री-प्रतिनिधीच्या मोबाइलवरून दुकानवार ऑर्डर घ्यावी लागते. सीआरएमचा खरा फायदा इथे आहे. आणि '१० वर १' अशी स्कीम असेल तर फुकटची पेटीही बिलावर शून्य किमतीने दिसलीच पाहिजे, नाहीतर साठ्यात दर महिन्याला गूढ तूट निघते.

निर्णय-साहाय्य: दोन हिशेब

पहिला भावाचा. समजा एक किलो शेवेला ६५० ग्रॅम बेसन आणि ३३० ग्रॅम तेल लागतं. बेसन किलोमागे ८ रुपयांनी आणि तेल १० रुपयांनी वाढलं, तर खर्च ५.२० अधिक ३.३० म्हणजे किलोला ८.५० रुपये वाढतो. २०० ग्रॅमच्या पुड्यामागे १.७० रुपये. ही फाइल अशी बांधा की भाव आणि प्रमाण वेगळ्या पानावर राहतील आणि सूत्रांत कुठेही आकडा हाताने घातलेला नसेल. छावनी मंडीतला चण्याचा भाव हलला की पाच मिनिटांत सगळ्या १८० वस्तूंवरचा परिणाम दिसला पाहिजे.

दुसरा मागणी-पातळीचा. रोजचा वापर १,२०० किलो, माल यायला ३ दिवस, राखीव २ दिवसांचा. म्हणजे साठा ६,००० किलोवर आला की ऑर्डर द्यायची. दिवाळीआधी वापर १,८०० किलो होतो आणि माल यायला ५ दिवस लागतात. तेव्हा हीच पातळी १२,६०० किलो होते. वर्षभर एकच पातळी ठेवणाऱ्या प्रणालीने नेमक्या हंगामात दगा दिला, तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. वर्षातून निदान तीनदा ही पातळी बदलायला एक माणूस नेमा.

मालकांच्या पानावर पाचच आकडे ठेवा: बँकेतली शिल्लक आणि सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) उरलेली मर्यादा, ६० दिवसांवरची उधारी, साठा किती दिवसांचा, ढोबळ नफा, आणि वेळेवर पूर्ण गेलेल्या ऑर्डरींचं प्रमाण. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की खालच्या नोंदीपर्यंत उतरता आलं पाहिजे.

सॉफ्टवेअर निवडताना आणि बदलताना

ईआरपी घ्यायचीच असं नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि साठा-उत्पादनाचं वेगळं साधन रोज आपोआप जोडलं जात असेल, तर चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्याला ते पुष्कळ होतं. गोदामं, लाइनी किंवा कंपन्या वाढल्या आणि जुळणीतच माणसांचा दिवस जाऊ लागला, की मग एकत्र डेटाबेसचा खर्च परवडतो.

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या नमुन्यावर पाहू नका. आपला वरचा बेसनाचा ट्रक, एक स्कीमचं बिल आणि जुन्या दराची एक क्रेडिट नोट त्यांना त्यांच्या प्रणालीत करून दाखवायला सांगा. करारात परवान्याच्या किमतीबरोबर वार्षिक देखभाल, जुना डेटा आणण्याचा खर्च, प्रशिक्षणाचे दिवस आणि सोडून जाताना सगळा डेटा साध्या फाइलींत परत मिळण्याचं कलम लिहून घ्या.

बदलाचा दिवस १ एप्रिल सोयीचा, कारण आरंभी शिल्लक तशीही काढावी लागते. त्याआधी ३१ मार्चला गोदाम बंद ठेवून प्रत्यक्ष मोजणी करा आणि मोजणारी माणसं दुसऱ्या गोदामाची ठेवा. दिवाळीच्या आधीचे दोन महिने आणि होळी ते रंगपंचमी हा काळ टाळा. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी तर कारखान्यात माणसंच नसतात. जुनी आणि नवी पद्धत एक महिना बरोबर चालवा, रोज संध्याकाळी तीनच आकडे जुळवा: विक्री, रोकड, दहा मुख्य वस्तूंचा साठा. महिन्यानंतर जुनी वही उचलून कपाटात ठेवा. ती टेबलावर राहिली तर लोक तिलाच खरी मानतात.

अधिकार, बॅकअप आणि जुना डेटा

बिल बनवणारा आणि क्रेडिट नोट मंजूर करणारा वेगळा हवा. पुरवठादाराचं बँक खातं बदलायचं असेल तर मेलवर विश्वास न ठेवता आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड, आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक कारखान्याबाहेर. सर्व्हरला कायम जोडलेली हार्ड डिस्क धरू नका, कारण व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर तीही जाते. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून कालचं एखादं बिल सापडतं का ते बघा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा जुनं सॉफ्टवेअर सोडलं तरी त्याचा परवाना आणि ते चालणारं एक मशीन तोवर ठेवा, किंवा सगळी बिलं आणि खाती पीडीएफमध्ये वर्षवार काढून बॅकअपबरोबर साठवा.